झोपेचा डबा, बोराच्या बिया आणि पाच मिनिटांचा हिशेब

आजची पोस्ट एका डब्यावरून सुचलेली आहे.

जूनमध्ये पेरणीच्या आधी चार दिवस गावाकडं गेले होते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. मावशीकडं जेवायला बसलो, तर तिनं फडताळातून एक डबा काढला. वर चिनी अक्षरं, खाली बारीक इंग्रजीत लिंगझी नावाच्या चिनी आळंब्याचं आणि जुजुबे नावाच्या फळाच्या बियांचं नाव. विकणारा गावातलाच, एका साखळी पद्धतीच्या कंपनीचा एजंट. डबा बाराशेला.

"डोळ्याला डोळा लागत नव्हता गं," मावशी म्हणाली. "रात रात उलटीपालटी व्हायचे. हे घ्यायलेय दोन महिने झाले. फरक पडलाय थोडा. पण पैसे लई जायलेत. तू तर पीएच.डी. करायलीस. सांग, घेऊ का बंद करू?"

एजंटनं तिच्या मुलाच्या मोबाइलवर एक पीडीएफसुद्धा पाठवली होती. "संशोधनानं सिद्ध आहे ताई." पीडीएफ खरीच शोधनिबंधाची होती. सारांश, तक्ते, संदर्भ, सगळं जागच्या जागी.

माझा विषयच औषधांच्या प्रयोगांची पद्धत आहे, आणि तरी मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. म्हणून परत आल्यावर तीन दिवस बसून या विषयावरचं वाचलं. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करतायत, काहींचा संशोधन आराखडा अडलाय. "शोधनिबंधाचं परीक्षण कसं करायचं" हा प्रश्न तर दर आठवड्याला येतो. म्हणून हे परीक्षण तुमच्यासमोर मांडते, माझी स्वतःची चूकही त्यात आहे.

आधी "फरक पडला" हे वाक्य तपासू

मावशी खोटं बोलत नाही. तिची झोप सुधारली असणार. पण "डबा घेतला आणि झोप सुधारली" यातल्या "आणि"च्या जागी आपण नकळत "म्हणून" ठेवतो. ते ठेवण्याआधी बाकीच्या शक्यता बाजूला काढाव्या लागतात.

पहिली शक्यता, वेळ. मावशी आणि काका ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडातच मुक्काम. कोपीत झोपायचं, पहाटे तीन-चारला उठायचं. रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या भरायला जायचं. डबा तिनं सुरू केला तो गावी परत आल्यावर, एप्रिलमध्ये. म्हणजे डबा आणि घरची बाज दोन्ही एकाच महिन्यात आले. आता श्रेय कोणाला द्यायचं? संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. दोन कारणं एकमेकांत अशी गुंतलेली असतात की नुसतं बघून ती सुटी करता येत नाहीत.

दुसरी शक्यता म्हणजे रिग्रेशन टू द मीन, सरासरीकडं परतणं. पुस्तकातली व्याख्या अवघड वाटते, पण मराठवाड्यातल्या माणसाला हे पावसावरून लगेच कळेल. २०१५ ला आपल्याकडं भीषण दुष्काळ होता, २०१६ ला पाऊस चांगला झाला. अतिवाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा त्याहून बरं असतं. दुष्काळात कुणी यज्ञ केला असेल तर पुढच्या वर्षीच्या पावसाचं श्रेय यज्ञाला जातं. झोपेचंही तसंच आहे. माणूस औषध शोधायला निघतो तो झोप सगळ्यात बिघडलेली असते तेव्हा. त्यानंतर काहीही न घेता ती थोडी सुधारायची शक्यता असतेच.

तिसरी शक्यता अपेक्षेची. बाराशे रुपये दिलेत, एजंटनं दोनदा घरी येऊन विचारपूस केलीय, रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची म्हणून मावशी वेळेवर अंथरुणात जाते. निद्रानाशाच्या प्रयोगांत नुसत्या प्लासिबोनंही, म्हणजे औषध नसलेल्या सारख्याच दिसणाऱ्या गोळीनंही, लोकांची झोप सुधारल्याचं पुन्हा पुन्हा दिसतं.

या तिन्ही गोष्टी बाजूला काढायला एकच साधन आहे, तुलनेचा गट. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. मग पाऊस दोन्ही गटांवर सारखाच पडतो. शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा.

बोराच्या बियांची गोष्ट

डब्यावरचं जुजुबे म्हणजे काय हे बघितलं तेव्हा हसू आलं. चिनी वैद्यकात झोपेसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी एकेरी वनस्पती म्हणजे सुआन झाओ रेन, एका आंबट रानटी बोराच्या बिया. या बियांचा काढा, सुआन झाओ रेन तांग, हा हान राजवटीच्या शेवटाकडच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात येतो. म्हणजे साधारण अठराशे वर्षं जुना. त्यात पाच घटक असतात, त्यातला एक ज्येष्ठमध.

मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "बोराच्या बिया? आपल्या बांधावर काय कमी बोरी हायेत व्हय?"

प्रश्न रास्त आहे आणि संशोधनाच्या दृष्टीनं महत्त्वाचाही. आपल्या बांधावरची बोर झिझिफस मॉरिशियाना, चिनी आंबट बोर झिझिफस जुजुबाचा एक रानटी प्रकार. वंश एक, प्रजाती वेगळ्या. त्यामुळं एकीवरचा निष्कर्ष दुसरीला आपोआप लागू होत नाही. हेच डब्यालाही लागू आहे. जुना ग्रंथ पाच घटकांच्या काढ्याबद्दल बोलतो, डब्यात बियांचा अर्क आणि आळंबं. काढ्याची पुण्याई कॅप्सूलला कशी मिळेल? परीक्षण करताना पहिली ओळ हीच लिहा: ज्याच्यावर प्रयोग झाला आणि जे विकलं जातंय, ते एकच आहे का?

एजंटची पीडीएफ उंदरांवरच्या प्रयोगाची होती. अशा प्रयोगांत उंदराला पेंटोबार्बिटाल हे गुंगीचं औषध देतात आणि बियांचा अर्क दिल्यावर ती गुंगी किती लांबते ते मोजतात. बियांमधल्या जुजुबोसाइड आणि स्पिनोसिन या द्रव्यांचा मेंदूतल्या काही संदेशवाहक यंत्रणांवर परिणाम होतो, असं या कामातून दिसतं. हे काम फालतू नाही. पण त्यातून मिळतो तो एक धागा: "माणसात बघायला हरकत नाही." गुंगी दिलेला उंदीर आणि काळजीनं जागी राहणारी बाई यांच्यात बरंच अंतर आहे.

मग माणसांवरचं काय? इथं एक पद्धतशीर आढावा उपयोगी पडतो. २०१२ मध्ये यंग आणि सहकाऱ्यांनी 'स्लीप मेडिसिन रिव्ह्यूज'मध्ये निद्रानाशावरच्या चिनी वनौषधींचे यादृच्छिक प्रयोग गोळा केले. किती सापडले असतील? २१७. नवखा वाचक इथंच थांबतो: "एवढे प्रयोग म्हणजे सिद्धच की!" पण लेखकांनी प्रत्येकाचा दर्जा जदाद मोजपट्टीवर तपासला. ही मोजपट्टी पाच गुणांची. चिठ्ठ्या नीट टाकल्या का, अंधत्व राखलं का, मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब दिला का, हे ती बघते. तीन किंवा जास्त गुण मिळवणारे प्रयोग निघाले फक्त आठ. त्या आठांपैकी सातांत निदान एका बाबतीत पक्षपाताचा मोठा धोका होता.

२१७ वरून ८, आणि ८ वरून १. परीक्षण करताना प्रयोग मोजण्याआधी ते चाळून घ्यायचे ते यासाठी. दळणात खडे असतील तर पायली वाढवून उपयोग नाही.

यापुढचं वाचताना मी जरा सरसावून बसले. १९९८ मध्ये व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी कोणत्या देशातून कसे निष्कर्ष येतात ते तपासलं होतं. अॅक्युपंक्चर सोडून इतर उपचारांच्या प्रयोगांत, इंग्लंडमधून आलेल्यांपैकी ७५ टक्के उपचाराच्या बाजूचे होते, चीनमधून आलेल्यांपैकी ९९ टक्के. २००९ मध्ये वू आणि सहकाऱ्यांनी चिनी नियतकालिकांतल्या २२३५ "यादृच्छिक" प्रयोगांच्या लेखकांना सरळ फोन केले आणि विचारलं, गट कसे पाडले? खरोखर मान्य पद्धतीनं पाडलेले निघाले २०७. आणि लक्षात घ्या, हे शोधून काढणारे वू स्वतः चीनमधलेच संशोधक. आपल्याच घरातला कचरा मोजायला धाडस लागतं, ते त्यांनी दाखवलं.

इथं कुणीतरी हमखास विचारेल, "मग आर्टेमिसिनिनचं काय? चीनच्या जुन्या ग्रंथातूनच तर हिवतापाचं औषध मिळालं, तू योयो यांना २०१५ चं नोबेलही मिळालं." बरोबर. पण त्या गोष्टीतला क्रम बघा. जुन्या ग्रंथानं सुचवलं, मग अर्क काढायची पद्धत बदलून बदलून पाहिली, मग प्राण्यांत परजीवी मरतात का ते मोजलं, मग माणसांत. नोबेल मिळालं ते या सगळ्या तपासाला. ग्रंथ जुना आहे एवढ्यावर थांबले असते तर औषध हाती लागलंच नसतं.

आता आपल्या घरचं: अश्वगंधा

चिनी आकडे वाचून मनात थोडी मौज वाटली, ती लपवत नाही. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, आपल्या अश्वगंधेचं काय? तिच्या शास्त्रीय नावातच झोप आहे, विथानिया सोम्निफेरा. तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये तिच्या बाटल्या आहेत. शेजारच्याची चाळणी आपल्या धान्यालाही लावायला पाहिजे.

म्हणून एक गाजलेला निबंध घेतला. २०१९ मध्ये 'क्युरिअस' या नियतकालिकात आलेला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित संशोधकांचा. निद्रानाशाचे ६० रुग्ण. ४० जणांना अश्वगंधेच्या मुळांचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २० जणांना प्लासिबो. दहा आठवडे. दुहेरी अंध. झोप मनगटावरच्या हालचाल मोजणाऱ्या यंत्रानंही मोजली, नुसतं विचारून थांबले नाहीत.

पद्धत म्हणून हा प्रयोग मावशीच्या डब्यापेक्षा कितीतरी वरचा. गट यादृच्छिक, यंत्राचं मोजमाप, आकडे खुले. म्हणूनच त्याचं परीक्षण करण्यात मजा आहे. वाईट निबंधावर टीका कुणीही करेल.

आता आकडे. झोपेची कार्यक्षमता म्हणजे अंथरुणात घालवलेल्या वेळातला किती टक्के वेळ खरी झोप लागली.

अश्वगंधा गट: सुरुवातीला ७५.६३, दहा आठवड्यांनी ८३.४८. वाढ ७.८५.

प्लासिबो गट: सुरुवातीला ७५.१४, दहा आठवड्यांनी ७९.६८. वाढ ४.५४.

जाहिरात लिहिणारा फक्त पहिली ओळ उचलेल. तुम्ही दोन्ही ओळी घ्यायच्या आणि वजाबाकी करायची. ७.८५ वजा ४.५४ म्हणजे ३.३१. आठ तास अंथरुणात, म्हणजे ४८० मिनिटं धरली, तर हे सुमारे १६ मिनिटं. आणि औषधाच्या गटात जेवढी सुधारणा दिसली, तिच्या निम्म्याहून जास्त, जवळजवळ ५८ टक्के, रिकाम्या गोळीच्या गटातही दिसली. हाच तो दोन्ही गटांवर पडलेला पाऊस.

दुसरा आकडा, झोप लागायला लागणारा वेळ. हा दोन्ही गटांत कमी झाला. दहा आठवड्यांनी अश्वगंधा गटात २९.०० मिनिटं, प्लासिबो गटात ३३.९४. फरक ४.९४, म्हणजे पाच मिनिटं. सांख्यिकीच्या दृष्टीनं हा फरक लक्षणीय ठरतो.

इथं तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

एक, "लक्षणीय" हा शब्द. सांख्यिकीत त्याचा अर्थ एवढाच की हा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता कमी आहे. तो माणसाला जाणवेल का, त्यासाठी पैसे मोजावेत का, हे तो शब्द सांगत नाही. रात्री पाच मिनिटं आधी झोप लागणं मोठं की छोटं, हे तुम्ही रुग्णाला विचारून ठरवायचं.

दोन, इफेक्ट साइझ. पाच मिनिटांना गटातल्या प्रमाण विचलनानं भागलं (ते ७.१४ आणि ७.६५ आहे), तर उत्तर येतं ०.६८ च्या आसपास. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा परिणाम मध्यमपेक्षा वरचा. पण मिनिटं तर पाचच! असं का झालं? कारण भाजक लहान आहे. गटातली माणसं एकमेकांसारखी असली की छोटा फरकही मोठा दिसतो. निद्रानाशात कुणाला वीस मिनिटं लागतात, कुणाला दोन तास. त्यामानानं सात मिनिटांचं विचलन मला घट्ट वाटलं. निवडीचे निकष कडक असतील तर असं होऊ शकतं. म्हणून असा आकडा दिसला की लगेच मागं जाऊन निवडीचे निकष वाचायचे, ही सवय लावून घ्या.

तीन, ६० माणसं. एकट्या छोट्या प्रयोगावर घर बांधायचं नाही. २०२१ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये चेया आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा आणि झोप यावरचे पाच यादृच्छिक प्रयोग, मिळून ४०० माणसं, एकत्र करून मेटा-अॅनालिसिस केलं. निष्कर्ष: परिणाम आहे, छोटा पण लक्षणीय. निद्रानाश असलेल्यांत, दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रेत आणि आठ आठवडे किंवा जास्त काळ घेतल्यावर तो जास्त दिसतो.

म्हणजे प्रामाणिक निकाल असा: चिनी बोराच्या बियांपेक्षा अश्वगंधेची बाजू थोडी बरी, पण "रामबाण" म्हणण्यासारखं काही नाही. आणि एक गोष्ट विसरू नका. अश्वगंधेच्या झोपेवरचे गाजलेले प्रयोगही बहुतेक आपल्याच देशातले आहेत. चीनच्या ९९ टक्क्यांना हसताना हे आठवायला हवं. निबंधाच्या शेवटी निधी कोणी दिला आणि अर्क कोणी पुरवला, या दोन ओळी असतात. त्या वाचल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटा असं नाही. पण आपण जास्त डोळे उघडे ठेवून वाचतो.

नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?

हा प्रश्न मावशीनं विचारला नव्हता, एजंटनं आधीच उत्तर दिलं होतं. म्हणून दोन जुनी प्रकरणं सांगते.

१९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेत जिन बू हुआन नावाच्या चिनी गोळ्यांनी लहान मुलांना विषबाधा झाली, काही मोठ्या माणसांच्या यकृताला सूज आली. या गोळ्या झोप आणि वेदनेसाठी विकल्या जात. लेबलवर एका वनस्पतीचं नाव होतं, पण आत सापडलेलं टेट्राहायड्रोपाल्मॅटिन हे द्रव्य त्या वनस्पतीत नसतंच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'स्लीपिंग बुद्धा' या वनौषधी गोळीबद्दल इशारा दिला. तिच्यात एस्टाझोलाम हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असं झोपेचं औषध मिसळलेलं होतं. म्हणजे गोळी खरंच काम करत होती, पण वनस्पतीमुळं नाही.

अश्वगंधाही सुटलेली नाही. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून तिच्यानंतर यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पाच नोंदींवरून धोका किती टक्के हे काढता येत नाही. पण साठ माणसांच्या प्रयोगात "दुष्परिणाम आढळले नाहीत" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही यातून कळतो. हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट साठांत दिसणार कशी?

कोणाची झोप?

आता माझ्या चुकीकडं येते.

तीन दिवस वाचून मी मावशीला फोन केला. सोप्या भाषेत सगळं सांगितलं, पाच मिनिटांचा हिशेबही. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पण मला झोप लागंना असं कुठं म्हणले मी? लागती. मधीच अंग पेटल्यावानी व्हतं, घाम फुटतो, जाग येती. मग नाही लागत."

मी गप्प बसले. तिची पिशवी काढलेली आहे, तिशीतच. हे मला माहीत होतं. आमच्याकडं हे सगळ्यांनाच एकमेकींचं माहीत असतं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढं आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली होती. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याची लक्षणं एकदम सुरू होतात, आणि अंडाशय ठेवलं असलं तरी ती लवकर येऊ शकतात. रात्री अंगाची आग होणं, घाम फुटणं ही त्यातली नेहमीची लक्षणं. झोप मोडण्याचं कारण इथं होतं, आणि डबा, पीडीएफ, मी, तिघंही भलतीकडंच बघत होतो.

मी ज्या प्रश्नाचं उत्तर तीन दिवस शोधलं तो प्रश्नच तिचा नव्हता.

मग निबंधांकडं परत गेले, तर आधी न दिसलेली गोष्ट दिसली. अशा प्रयोगांत साधारणपणे रात्रपाळीचे कामगार, दुसऱ्या आजारामुळं झोप मोडणारे लोक, आधीच औषधं घेणारे लोक वगळतात. वगळण्याचं कारण चुकीचं नाही, चित्र स्वच्छ हवं असतं. पण मग निष्कर्ष उरलेल्यांपुरताच राहतो. फडातली बाई, परळीच्या वीज केंद्रातला पाळीवाला, रात्री मोटार चालू करायला उठणारा शेतकरी, हे या तक्त्यांमध्ये बहुधा नसतातच.

मोजपट्टीचंही तेच. पिट्सबर्ग निद्रा सूचकांक ही प्रश्नावली जगभर वापरतात. १९ प्रश्न, ० ते २१ गुण, पाचाच्या वर म्हणजे झोप खराब. ती विचारते, गेल्या महिन्यात तुम्ही साधारण किती वाजता झोपलात? हा महिना फेब्रुवारी असेल तर उत्तर फडातलं, मे असेल तर घरचं. बाई तीच, गुण वेगळे. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या: हंगामानुसार बदलणारी झोप या प्रश्नावलीनं कशी मोजायची? मराठी भाषांतर करून थांबू नका, तिचा "गेला महिना" आपल्या जगण्याला लागू होतो का ते तपासा.

आधुनिक मार्गदर्शक तत्त्वं काय म्हणतात, हेही सांगायला हवं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषध सांगितलं नाही, सवयी आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती सांगितली. रोज एकाच वेळी उठणं, झोप आली तरच अंथरुणात जाणं, अशा गोष्टी. गंमत म्हणजे चरकसंहितेतही निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक मानलाय, आणि झोप न येण्यावर तेलाची मालिश, अंघोळ, दूध, चांगलं अंथरूण अशा गोष्टी सांगितल्यात. आजी काशाच्या वाटीनं तळपाय घासून द्यायची, जायफळ उगाळून दुधात द्यायची, ते याच वळणाचं. पण खरं सांगायचं तर "रोज एकाच वेळी उठा" हे मावशीला सांगायचा मला धीर झाला नाही. हंगामात तिची उठायची वेळ मुकादम ठरवतो.

तुमच्यासाठी

पुढच्या वेळी "संशोधनानं सिद्ध" असं काही हाती आलं तर वहीत हे सहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढं निबंधातलं पान टाका:

१. प्रयोग ज्याच्यावर झाला आणि जे विकलं जातंय ते एकच आहे का?
२. तुलनेचा गट होता का, आणि गट पाडले कसे?
३. दोन्ही गटांची वजाबाकी किती, मिनिटांत, रुपयांत, टक्क्यांत?
४. मोजलं कशानं, आणि ती मोजपट्टी या लोकांना लागू पडते का?
५. कोणाला वगळलं?
६. पैसा कोणाचा?

आणि सातवा, जो मी विसरले होते, तो निबंध उघडायच्या आधीचा: समोरच्या माणसाला नेमका त्रास काय आहे?

मावशी पुढच्या आठवड्यात मुलाबरोबर सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाच्या ओपीडीला जाऊन आली. रक्त तपासायला दिलंय. डब्याचं विचारलं तर म्हणाली, "संपत आलाय. एवढा संपवते, मग बघू." बाराशे रुपये दिलेत, टाकवत नाही. मी काही बोलले नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते दवाखान्यात सांगताना डबाही बरोबर ने, एवढंच म्हटलं.

तुम्ही एखाद्या निबंधाला हे सात प्रश्न लावून पाहिलेत तर खाली लिहा. वजाबाकी मात्र स्वतः करा, सारांशातून उचलू नका.